कॅरिबूच्या रानात किती दिवस

केळीच्या व्यापारात माझी चाळीस वर्षं गेली. जसोंडीच्या बागांतून डोक्यावर घड वाहून ट्रक भरण्यापासून सुरुवात केली, आज बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात स्वतःचं तीन मजली घर आहे. एवढ्या वर्षांत समोरच्याने सांगितलेला पहिला आकडा मी कधी मान्य केला नाही. मग तो शेतकरी असो, डॉक्टर असो नाहीतर रिक्षावाला. बायको म्हणते, तुम्ही नवस बोलतानाही घासाघीस करता. ते खोटं नाही.

म्हणून आमच्याकडे कुणाच्या घरी लग्नाची बैठक असली की मला बोलावणं येतं. दोन्हीकडची मोठी माणसं गादीवर समोरासमोर बसतात. मानपान, जेवणावळ, तारीख ठरवतात, थोडं भांडतात, आणि जमलं की सुपारी फोडतात. सुपारी फुटल्यावर कुणी शब्द फिरवत नाही. दुसऱ्यांच्या पोरींसाठी मी पार देडतलाईपर्यंत जाऊन बसलोय. आवाज चढवून उठलोय, आणि चपला घालताना लोकांनी हात धरून परत बसवलंय.

माझ्या स्वतःच्या पोरीची बैठक झाली नाही.

ती शिकायला कॅनडाला गेली, तिकडेच वरच्या टोकाला एका लहानशा गावात दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला लागली. एक दिवस तिचा फोन आला. “पप्पा, आम्ही कोर्टात लग्न केलं.” मुलगा तिकडचाच, गोरा, शाळेत शिकवणारा. मी एकच विचारलं, “त्याच्या बापाशी माझं बोलणं झालं का?”

“इथे तसं नसतं, पप्पा.”

“मग इथेही आता काही नसतं,” म्हणालो आणि फोन कापला.

तीन वर्षं मी तिच्याशी बोललो नाही. तिची आई दर रविवारी सकाळी बोलायची. आपला रविवार उजाडतो तेव्हा तिकडे शनिवारची संध्याकाळ असते. मी बाजूच्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद करून पेपर धरून बसायचो. बायकोला ते ठाऊक होतं. ती पोरीचं प्रत्येक वाक्य मोठ्याने परत म्हणायची. “काय म्हणते, ताप आला होता? उतरला ना? आणि खिडकीवर इतका बर्फ?” माझ्यापर्यंत सगळं पोचायचं. आम्ही दोघं त्याबद्दल कधी बोललो नाही.

यंदा थंडी सरत असताना एका रविवारी बायको फोन घेऊन माझ्या खोलीत आली.

“तुमच्या व्याह्यांना बोलायचंय तुमच्याशी.”

‘पोरीला बोलायचंय’ म्हणाली असती तर मी मान वळवली असती. पण व्याही दाराशी आला तर माणूस उठून उभा राहतो, मग आतून कितीही जळत असो. मी उठलो. खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली. बायको तोंडाला पदर लावून हसली.

पडद्यावर पांढऱ्या दाढीचा, चौकड्यांचा जाड शर्ट घातलेला उंच माणूस होता. मागच्या भिंतीवर झाडाच्या फांद्यांसारखी पसरलेली शिंगं. आणि त्याच्या शेजारी माझी पोरगी. चष्मा लागला होता तिला. हे बायकोने मोठ्याने सांगितलं नव्हतं.

“पप्पा, हे तुमचे व्याही,” ती माझ्याकडे न पाहता म्हणाली. मग माझ्याकडे बोट करून त्यांना इंग्रजीत काही सांगितलं, त्यातही व्याही हा शब्द होता.

त्यांचं म्हणणं असं. दरवर्षी ऑगस्टच्या शेवटी ते कॅरिबूच्या शिकारीला जातात. कॅरिबू म्हणजे आपल्या सांबराच्या जातकुळीतला, बर्फाच्या मुलखातला प्राणी. तिथे रस्ता नाही. पाण्यावर उतरणारं छोटं विमान एका तळ्यात सोडून जातं आणि ठरल्या दिवशी परत न्यायला येतं. मधल्या काळात तंबू, शिकार आणि तळ्यातली मासेमारी. यंदा मी त्यांच्याबरोबर यावं. बायकोनेही यावं, तिने पोरीकडे राहावं.

“मलाच का?” मी विचारलं.

पोरीने विचारून सांगितलं, “ते म्हणतात, तंबू दोघांचा आहे.”

मी पाहून सांगतो म्हणालो. बागेचा सौदा करताना म्हणतो तसंच. खरं तर माझं तेव्हाच ठरलं होतं.

पुढच्या रविवारपासून आमची तयारी सुरू झाली. फोन आता माझ्यासमोर डब्याला टेकवून ठेवला जायचा आणि बायको शेजारी भाजी निवडत बसायची. व्याही बोलायचे, पोरगी मराठीत सांगायची, मी बोलायचो, पोरगी इंग्रजीत सांगायची. एवढंच तिचं माझं बोलणं. तब्येत कशी आहे, हे ना तिने विचारलं ना मी.

पहिल्याच दिवशी कळलं की परदेशी माणसाला त्यांच्यासोबत बंदूक चालवता येत नाही. गोळी ते झाडणार. मी सोबत चालायचं, मांस वाहायचं आणि परवाना काढून मासे धरायचे.

“म्हणजे हमाली,” मी म्हणालो.

“ते म्हणतात, हो.”

मला माणूस आवडला.

बायकोच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. घरात अंडंसुद्धा येत नाही. मी काय खातो ते घराबाहेर. तिने भाजी निवडता निवडता विचारलं, “मारून टाकायचं आणि शिंगं भिंतीवर लावायची, असंच ना?” पोरीने ते व्याह्यांना सांगितलं. ते बराच वेळ बोलले. मांसाचा तुकडाही रानात टाकून यायचा नाही, असा नियम आहे. वर्षभर त्यांचं घर त्याच मांसावर चालतं, थोडं शेजारच्या म्हाताऱ्यांना जातं. विमानातून उतरल्या दिवशी तर गोळी झाडायलाही बंदी आहे.

“का?” बायकोने विचारलं.

“वरून कळप पाहून लगेच मारला तर त्या प्राण्यावर अन्याय होईल ना, आई.”

बायकोने पुढची जुडी उचलली. मग म्हणाली, “आणि शिंगं मादीलाही असतात का?”

“कॅरिबूत असतात.”

“बरं आहे,” ती म्हणाली, आणि मेथीची जुडी सोडली.

मासेमारी मला नवीन नव्हती. लहानपणी नदीवर राजघाटाच्या खाली गळाला गांडूळ लावून बसायचो, मिळेल ते भाजून खायचो. पण व्याह्यांनी डबी उघडून दाखवली त्यात पिसांच्या, दोऱ्यांच्या बारीक बारीक माश्या होत्या. स्वतः बांधलेल्या. काठीने हवेत दोरा फिरवायचा, ही खोटी माशी पाण्यावर अलगद टेकवायची, आणि मासा तिला खरी समजून तोंड मारतो.

“माशीने मासा?” मी म्हणालो. “आणि कळलं की खोटी आहे तर?”

“तर थुंकून टाकतो. म्हणून लगेच ओढावं लागतं.”

“मग?”

“मग पुष्कळदा सोडून देतात, पप्पा. परत पाण्यात.”

“एवढं फसवून हातात आलेला माल परत सोडायचा? व्याह्यांना म्हणावं, तुम्ही केळीच्या धंद्यात आला असतात तर दोन दिवसांत बसला असतात.”

तिने सांगितलं. व्याही खो खो हसले. पोरगीही हसली, आणि हसताना चुकून थेट माझ्याकडे पाहिलं.

त्यांच्या माश्यांना चमक हवी असते. मी आमच्याच पेठेतल्या एका जुन्या कारागिराकडून जरीचं एक रीळ आणलं आणि पोस्टाने पाठवलं. पोचायला महिना लागला. एका रविवारी त्यांनी चिमट्यात धरलेली एक नवी माशी कॅमेऱ्यासमोर आणली. करडं पीस, आणि पोटाला आमच्या बुऱ्हाणपूरच्या जरीचे तीन वेढे.

त्यांनी सामानाच्या यादीचा फोटोही पाठवला. विमानात माणशी पंचवीस किलोच नेता येतं. कागदावर दोन रकाने होते. एकावर त्यांचं नाव आणि दुसऱ्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत VYAHI.

“हे काय?”

पोरगी ओठ दाबून म्हणाली, “पप्पा, पहिल्या दिवशी मी ओळख करून दिली ना, तेव्हापासून त्यांना वाटतं तुमचं नावच व्याही आहे. विमानवाल्यालाही त्यांनी तेच दिलंय.”

“तू सांगितलं नाहीस?”

“सांगू का?”

“राहू दे,” मी म्हणालो. मीही त्यांना व्याहीच म्हणत होतो. दोघं एकमेकांना बरोबर नावानेच हाक मारत होतो.

वजनाच्या बाबतीत मात्र मी त्यांना गार केलं. घड उचलून किलो सांगण्यात माझा हात कुणी धरला नाही, आणि आता तर उचलावंही लागत नाही. त्यांनी तंबूची पिशवी जमिनीवरून उचलली. त्यांचा खांदा कसा कलला, ते पाहून मी म्हणालो, “अकरा किलो.” त्यांनी काट्याला लावली. अकराला थोडी जास्त भरली. मग त्यांना नादच लागला. बूट, कढई, दोऱ्याची गुंडाळी, एकेक वस्तू उचलायचे आणि माझ्याकडे पाहायचे. शेवटी त्यांनी माझ्या पोरीलाच काखेत धरून उचललं. ती ओरडली.

“अठ्ठेचाळीस,” मी म्हणालो. “इथून गेली तेव्हा पंचावन्न होती. तिला म्हणावं, जेवत जा.”

हे इंग्रजीत सांगायची गरज नव्हती. तिने सांगितलंही नाही. चष्मा काढून पुसला.

दिवसांची गोष्ट त्यानंतरच्या रविवारी निघाली. आम्हाला गणपती बसायच्या आत घरी परतायचं होतं. हातात अठरा दिवस, जाण्यायेण्यात चार गेले, उरले चौदा. व्याह्यांनी दहा दिवस रानातले म्हटलं. म्हणजे बायको चौदा दिवस पोरीच्या घरी, आणि मी चार. मी मनात आकडेमोड केली आणि म्हणालो, “सात. एवढी थंडी मला सोसायची नाही.”

पोरगी त्यांच्याशी बोलली आणि म्हणाली, “चालेल म्हणतात. सात.”

मी तयारीत होतो की ते नऊ म्हणतील, मग मी चिडून सहावर जाईन, मग ओढत ओढत सातवर येऊ. एकदम हो? मग मागच्या रविवारांचं आठवू लागलो. मी म्हटलं बूट भाड्याने घेऊ, ते हो. मी म्हटलं दोन किलो दराबा बरोबर नेणार, तूपसाखरेचं आहे, थंडीत अंगी लागेल, ते हो. चार महिन्यांत या माणसाने एकदाही नाही म्हटलं नव्हतं. असा माणूस जगात नसतो.

“परत विचार,” मी म्हणालो. “सात म्हण.”

ती बोलली. मी कान दिला. इंग्रजी मला येत नाही, पण आकडे तर कुणालाही येतात. ती बोलत होती त्यात सेव्हन नव्हता. टेन होता. आणि तिकडून व्याहीही खुशीत टेन म्हणाले.

“सात फायनल, पप्पा,” ती म्हणाली.

माझं डोकं फिरलं. माझ्याच पोरीने माझ्याच सौद्यात दोन्हीकडे दोन भाव सांगितले होते. असं करणाऱ्या दलालाला मी भर बाजारात कॉलर धरून उभा केलाय.

“तू त्यांना काय सांगितलंस? मला येडा समजून राहिली का तू? तिथे जाऊन तळ्यावर कळलं असतं मला, की विमान दहाव्या दिवशी येणार?”

माझा अंगठा फोनच्या लाल खुणेवर गेला होता. बायकोच्या हातातली भाजी थांबली. व्याही एकदा पोरीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत होते.

“तुम्ही भांडाल वाटलं,” पोरगी हळू म्हणाली. “आणि मग फोन ठेवाल. म्हणून प्रत्येक वेळी मीच दोघांना हो म्हणत गेले. तळ्यावरचं तळ्यावर पाहू म्हटलं.”

मी अंगठा काढला. फोन डब्यावरून घसरत होता, तो नीट टेकवून ठेवला.

“येडी आहेस,” मी म्हणालो. “भांडतो म्हणजे सौदा करतो. ज्याच्याशी करायचा नसतो त्याच्याशी मी भांडत नाही. आता नीट सांग. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. सात.”

तिने सांगितलं. सगळंच सांगितलं असावं, कारण व्याह्यांच्या भुवया वर गेल्या. मग त्यांनी दोन्ही हातांचे पंजे पसरून कॅमेऱ्यासमोर धरले.

“नाही म्हणतात. दहा.”

मला इतकं बरं वाटलं. मांडी घालून नीट बसलो. बायकोला म्हटलं, चहा ठेव.

मी म्हटलं, वय झालंय माझं. ते म्हणाले, माझं तुमच्यापेक्षा नऊ वर्षांनी जास्त आहे. मी म्हटलं, दहा दिवसांचं खाणं पंचवीस किलोत बसणार नाही. ते म्हणाले, दराबा कमी करा. मी म्हटलं, दराब्याला हात लावायचा नाही. मी उठून जातो म्हणालो आणि खरंच दारापर्यंत गेलो. मागून पोरीने ओरडून सांगितलं, “ते म्हणतात, टोपी राहिली तुमची.” मी परत येऊन बसलो. व्याह्यांना कुणी शिकवलं नव्हतं, पण माणूस जन्मजात बैठकीचा होता.

मग त्यांनी विचारलं, थंडीचं कारण खरं नाही. सातच का?

धंद्यात हे कधी सांगायचं नसतं. आपली गरज समोरच्याला कळली की भाव गेला. मी चहाचा कप खाली ठेवला.

“सांग त्यांना,” मी म्हणालो, “बाकीचे दिवस मला पोरीच्या घरी पाहिजेत.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. व्याही वाट पाहत होते. शेवटी तिने सांगितलं. माझं वाक्य लहान होतं, इंग्रजीत ते बरंच लांब झालं.

व्याह्यांनी दाढीवरून हात फिरवला. मग बोलले आणि थांबले, आणि पोरगी तुकड्या-तुकड्याने सांगत गेली. दहा दिवस ही त्यांच्या बायकोची सवय होती. तिला घाई खपत नसे. तंबू तिचाच, माझ्यासाठी ठेवलेली मासेमारीची दुसरी काठीही तिचीच. ती गेल्यापासून ते एकटे जातात, मुलाची शाळा त्याच दिवसांत उघडते म्हणून, दहा दिवस मोजून राहतात आणि आठव्या दिवसानंतर काय करावं ते त्यांना कळत नाही.

“आणि ते म्हणतात, आमची लेक अशी दूर असती तर बायकोनेही दहा म्हटलंच नसतं.” पोरीने नाक पुसलं. “पाच, पप्पा. पाच म्हणतात.”

मी सातवर अडलो होतो आणि माणूस पाचवर उतरला. लिलावात असं मी कधी पाहिलं नाही. दुसरं कुणी असतं तर तिथेच सौदा तोडला असता. पण मला त्या तळ्याकाठचा तंबू दिसत होता, आणि आठव्या दिवशी तंबूत बसलेला हा माणूस.

“पाचात काय होतं?” मी म्हणालो. “पहिल्या दिवशी बंदूक चालवता येत नाही. शेवटच्या दिवशी सामान बांधायचं. मग कॅरिबू काय आपल्याला विचारून येणार? आणि मला ती माशी फेकायलाच दोन दिवस शिकावं लागेल. सात.”

“पाच म्हणतात.”

“सात. आणि त्यांना म्हणावं, तुमच्या घरच्या जेवणाला मी एक दिवस येईन, तो माझ्या पोरीकडच्या सातातून जाईल, तुमच्या रानातल्या नाही.”

व्याह्यांनी ऐकलं. बराच वेळ घेतला, मला वाटतं मुद्दाम. मग एका हाताची पाच बोटं आणि दुसऱ्याची दोन वर केली.

बायको कधी उठून गेली ते कळलं नाही. अडकित्ता आणि सुपारी घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवली. मी व्याह्यांना दिसेल अशी सुपारी धरली आणि फोडली. टक्क आवाज झाला. पोरीला ठाऊक होतं हे काय आहे. लहानपणी माझ्या मांडीवर बसून तिने कितीतरी पाहिल्या होत्या. तिने त्यांना समजावलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, टेबलावरच्या पुड्यातून एक जाडसर कडक बिस्कीट काढलं, गंभीर चेहऱ्याने कॅमेऱ्यासमोर धरलं आणि मोडलं. अर्धं पोरीला दिलं.

तिने खाल्लं.

तिकिटं आली आहेत. संध्याकाळी मी गच्चीवर बांबूला दोरा बांधून फेकायचा सराव करतो. शेजारचा विचारतो, “भाऊ, पतंग कापला का?” परवा बॅग काट्याला लावली तर पंचवीसवर अर्धा किलो भरली. बायको म्हणाली, दराबा कमी करा. मी एक स्वेटर काढला. बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात तिने कागदात गुंडाळून सुपारीचं अर्धुक ठेवलंय, व्याह्यांच्या वाटणीचं. ते तसंच राहू दिलं.